अडीनडीची बॅटरी

"माणसाच्या आळसाने विज्ञानाशी लग्न लावलं आणि त्या दोघांना जे पोर झालं, त्याचं नाव विजेवरची सायकल," असं माझ्या थोरल्या भावाने, म्हणजे दादाने, एका सकाळी जाहीर केलं. त्या वेळी तो लिफ्टची वाट बघत उभा होता. आम्ही पहिल्या मजल्यावर राहतो.

हे ऐकायला तिथे मी होतो, कारण माझं दार त्याच्या दारासमोर आहे, आणि जिना उतरायला लागलेल्या वहिनी होत्या. वहिनींनी मागे न बघता पाचव्या पायरीवरून सांगितलं की सायकल कालच ठरवून झाली आहे, पैसे त्यांच्या स्वतःच्या मुदत ठेवीचे आहेत आणि या लग्नाची पत्रिका त्यांनी कुणाला पाठवलेली नाही. मग त्या खाली गेल्या. लिफ्ट त्यानंतर आली.

वहिनी रक्त काढतात. लोकांच्या घरी जाऊन, सकाळी, उपाशीपोटी. उपाशी लोकांनी राहायचं, वहिनी पोळी खाऊन निघतात. एका लॅबसाठी बावीस वर्षं हे काम चाललं आहे. काही माणसांच्या हाताची शीर अशी पळपुटी असते की दुसऱ्या कुणी हात धरला की ती आत दडून बसते. वहिनींनी अंगठ्याने दोनदा चाचपलं की मुकाट्याने वर येते. "माझं रक्त मात्र ती सुईशिवायच आटवते," असं दादा पाहुण्यांना सांगतो. पाहुणे हसतात. वहिनी पाहुण्यांच्या हाताच्या शिरांकडे बघत असतात. ती सवयच झाली आहे.

त्यांच्या वाट्याला टेकडीवरची अकरा घरं आहेत. तिथे सगळे निवृत्त, साखरेचे, रक्तदाबाचे, थोडक्यात लॅबचे लाडके लोक राहतात. पूर्वी वर जायला बस होती. ती बंद झाली. मग वहिनी पायी चढायला लागल्या, आणि उशीर व्हायला लागला. तपासणीच्या नळ्या मोठ्या लॅबला नेणारी गाडी साडेनऊला निघते. तिला चुकलेली नळी म्हणजे परत टोचणं, आणि परत उपाशी राहणं. टेकडीवरच्या शेवटच्या घरात राहणाऱ्या जज्जसाहेबांना महिन्यात दोनदा सकाळचा चहा दहा वाजेपर्यंत लांबवावा लागला. त्यांनी लॅबला एक पत्र लिहिलं. निकालपत्रासारखं सुबक, पानं चार.

लॅबच्या डॉक्टरीणबाई वाईट नाहीत. त्यांनी वहिनींना सरळ सांगितलं की वेळ पाळली गेली नाही तर टेकडी मोटरसायकलवाल्या सहकाऱ्याकडे जाईल आणि वहिनी लॅबमध्ये बसून नळ्यांवर नावाच्या चिठ्ठ्या चिकटवतील. सावलीतलं काम आहे, पंखा आहे. वहिनी त्या दिवशी घरी आल्या आणि नुसत्या म्हणाल्या, "मी माणसं टोचायला शिकले, चिठ्ठ्या चिकटवायला नाही." सायकल त्या वाक्यातून जन्माला आली.

स्कूटर का नाही, असं मी विचारलं होतं. स्कूटरची परीक्षा वहिनींनी तरुणपणी एकदा दिली होती. परीक्षक खुर्चीवर बसले होते. नंतर ते उभे होते आणि खुर्ची नव्हती. तो विषय आमच्याकडे निघत नाही.

आता दादाबद्दल. दादा चौतीस वर्षं एका कारखान्यात स्टोअरकीपर होता. गोदामातला एक नटसुद्धा त्याच्या सहीशिवाय बाहेर गेला नाही, आणि शक्यतो सहीनेही गेला नाही. त्याचा सिद्धांत एका ओळीचा आहे: वस्तू वापरली की संपते. म्हणून आमच्याकडचा मिक्सर गॅरंटी संपेपर्यंत खोक्यात राहिला. तो पहिल्यांदा लावला त्या दिवशी जळाला, तेव्हा दादा म्हणाला, "बघ, वापरल्याचा परिणाम." टीव्हीचा रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत असतो, आणि ती पिशवी खराब होऊ नये म्हणून दुसऱ्या पिशवीत.

सायकल आणायला दुकानात गेलो तेव्हा दादा घंटा, दिवा, सीट यांकडे बघायलाही थांबला नाही. त्याने सायकलवाल्याला बॅटरीची किंमत विचारली. ती सायकलच्या किमतीच्या जवळजवळ निम्मी निघाली. मग ती किती टिकते ते विचारलं. सायकलवाला म्हणाला, साधारण आठशे वेळा चार्ज होते, मग दम कमी होत जातो. दादाचा चेहरा उजळला. संपण्याचा आकडा माहीत असलेली वस्तू त्याला फार दिवसांनी भेटली होती.

घरी आल्यावर त्याने एक जाड कार्ड कापलं, भोक पाडलं, दोरा ओवला आणि चार्जरच्या खिळ्याला अडकवलं. गोदामात प्रत्येक कप्प्याला असं कार्ड असतं. माल किती आला, किती गेला, शिल्लक किती. त्यावर त्याने लिहिलं: आवक आठशे. चार्जिंग हे त्या क्षणापासून त्याचं खातं झालं.

"दोन वर्षांत खलास," तो म्हणाला. "मग घे परत निम्म्या किमतीची बॅटरी. विजेवरची सायकल परवडते कुणाला? वीज विकणाऱ्याला आणि सायकल विकणाऱ्याला."

"पाच वर्षं चालवून दाखवते," वहिनी म्हणाल्या.

"आणि नाही चालली तर?"

"तर सायकल भंगारात आणि मी घरात. रोज दुपारी तुमच्यासमोर बसेन."

दादा जरा विचारात पडला. ही पैज जिंकण्यातही धोका होता. पण स्टोअरकीपर मागे हटत नाही. मला साक्षीला धरलं गेलं.

पहिल्या आठवड्यात वहिनी सकाळी पावणेसातला निघत. नळ्यांची थंड पेटी मागे, सुया पुढच्या टोपलीत, डोक्यावर हेल्मेट. परत येत तेव्हा चेहरा टोमॅटोसारखा आणि पावलं मोजून टाकलेली. मला वाटलं, नवीन आहे, सवय होईल. दुसऱ्या आठवड्यात त्या गुडघ्यांना तेल चोळायला लागल्या. तिसऱ्या आठवड्यात दोनदा नळ्यांची गाडी चुकली. दादा गॅलरीत उभा राहून मला म्हणे, "विजेवरची सायकल, आणि घाम बघ. पायी जाणारा माणूस हिच्यापेक्षा ताजा दिसतो."

त्याच वेळी एक चमत्कार चालू होता. पाच आठवड्यांत कार्डावर जावक फक्त एक. दादा सुरुवातीला उपहासाने कार्ड वाचायचा, मग नुसता वाचायला लागला, मग आदराने. एका संध्याकाळी त्याने मला बोलावून हलक्या आवाजात सांगितलं की सायकल दिसते तशी उधळी नाही. या हिशोबाने बॅटरी पाऊणशे वर्षं जाईल. वहिनी आतून ऐकत होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान होतं की मला संशय यायला हवा होता. आला नाही. मी निवृत्त माणूस आहे, संशय घ्यायची कामं सोडून दिली आहेत.

पाचव्या शनिवारी डॉक्टरीणबाईंनी शेवटचं सांगितलं. येत्या सोमवार ते शनिवार, सहाही दिवस नळ्या साडेनऊच्या आत आल्या तर टेकडी वहिनींची. एक दिवस चुकला तरी मोटरसायकलवाल्याची. वहिनींनी हे घरी सांगितलं नाही. मला खाली, सायकलला कुलूप लावता लावता सांगितलं, आणि वर म्हणाल्या, "भावजी, ब्रेक कुरकुरतोय. उद्या रविवार आहे. चला दुकानात, सगळं ठाकठीक करून घेऊ. या आठवड्यात सायकलने दगा देता कामा नये."

सायकलवाल्याने सायकल स्टँडवर घेतली, साखळी बघितली, पॅडल फिरवलं, मग हँडलवरच्या छोट्या पडद्याची बटणं दाबत बसला. बराच वेळ बसला. मग त्याने मान वर केली.

"ताई, तुम्ही ही चालवता की ओढता?"

वहिनींनी पदराने घंटा पुसायला घेतली.

"तीनशे किलोमीटर झालेत. मोटर चार किलोमीटर चाललीय. ती पण मी दुकानाबाहेर चालवून दाखवली होती ती."

मी वहिनींकडे बघितलं. वहिनी टायर बघत होत्या.

प्रकार असा होता. त्या पडद्यावर शून्य ते चार असे आकडे आहेत. चारला मोटर पूर्ण जोर लावते, शून्याला अजिबात नाही. वहिनी रोज शून्यावर चालवत होत्या. चोवीस किलोची सायकल, वर नळ्यांची पेटी, वर स्वतः, आणि समोर टेकडी. पैज होती ना पाच वर्षांची. रोज चढाच्या पायथ्याशी त्यांच्या मनात यायचं की आता लावावी मोटर. मग वाटायचं, आज काय एवढं नाही, आज जमेल. बॅटरी अडीनडीला असू दे. दुसऱ्या वळणावर छाती फुटायची वेळ यायची, पण तिथून वर म्हणजे थोडंच राहिलं, आता कशाला फुकट घालवा. अशा तऱ्हेने विजेवरची सायकल परवडते हे सिद्ध करण्यासाठी त्या पाच आठवडे विजेला हात न लावता ती टेकडीवर नेत होत्या.

"आणि पायांना झालेली झीज?" मी विचारलं.

"पायांचं कार्ड नाही कुणाकडे," वहिनी म्हणाल्या.

सायकलवाल्याने हात पुसले. तो गंभीर माणूस आहे. म्हणाला, "ताई, एक सांगू? ही बॅटरी वापरली तरी म्हातारी होते आणि ठेवली तरी म्हातारी होते. नुसती ठेवून कुणाची वाचत नाही. ठेवलेली उलट आतल्या आत रुसते. पाच वर्षांनी तुमच्या हातात काय राहील? कोरी करकरीत, मेलेली बॅटरी."

वहिनींनी हेल्मेट घातलं, पट्टा आवळला आणि हँडलवरचं बटण दाबलं. एक. दोन. तीन. चार. मग मला तिथेच सोडून त्या घरी गेल्या. मी चालत आलो.

घरी मला वाटलं भूकंप होईल. वहिनींनी दादाला सगळं सांगितलं, डॉक्टरीणबाईंच्या अटीसकट, एकही शब्द न गाळता. दादा ऐकत राहिला. "ठेवली तरी संपते" हे वाक्य आलं तेव्हा तो खुर्चीतून उठून खिडकीपाशी गेला. चौतीस वर्षांच्या सिद्धांतावर कुणीतरी सुई ठेवली होती. मी पाण्याचा ग्लास तयार ठेवला.

पण माझ्या भावाला मी कमी ओळखत होतो. तो वळला तो साहेब होऊन.

"हे आधी का नाही सांगितलं? हा मुदतीचा माल आहे. रबराच्या वायसरी, डिंकाचे डबे, बॅटऱ्या, ठेवून खराब होणारा माल स्टोअरमध्ये अडवून ठेवायचा नसतो. तो आधी बाहेर काढायचा. मी अशा मालापायी एकाला मेमो दिला आहे." आणि वहिनींना म्हणाला, "अगं, उद्यापासून चार नंबर. सपाटीला पण चारच. उतारावर जमत असेल तर तिथेही."

उतारावर मोटरचं काय काम, असं कुणी विचारलं नाही. माणूस सुधारत असला की त्याला मध्ये अडवू नये.

सोमवारी वहिनी नऊ वाजून पाच मिनिटांनी लॅबमध्ये होत्या. मंगळवारी नऊला. बुधवारी त्यांना इतका वेळ उरला की वाटेत एका आजीबाईंची खिडकी अडकली होती ती उघडून दिली. गुडघ्यांची तेलाची बाटली कपाटात गेली. गुरुवारी त्या पॅडल मारता मारता गुणगुणत होत्या असं दूधवाल्याने सांगितलं. शुक्रवार पार पडला. उरला शनिवार.

शनिवारी सकाळी दादा आणि मी लॅबमध्ये जाऊन बसलो. दादाला निकाल प्रत्यक्ष बघायचा होता. आठ वाजले होते. बाकावर सात-आठ माणसं हाताला कापूस दाबून बसली होती. दादाने खिशातून कार्ड काढलं, बघितलं, आणि सहज म्हणाला, "आता संध्याकाळी चार्जिंगला लावायची."

"काल रात्री नाही लावली?"

"काल एक दांडी शिल्लक होती. शिल्लक असताना नवा माल भरत नाहीत. आधीचा संपवायचा, मग आवक."

गोदामाच्या नियमात चूक काही नव्हती. रविवारी एकदा भरलेली बॅटरी पाच दिवस चार नंबरवर टेकडी चढली होती, आणि चार्जिंग हे त्याचं खातं होतं, म्हणून वहिनींनी त्याकडे बघितलंही नव्हतं. पडद्यावर चार्जच्या पाच दांड्या असतात, आणि शेवटची नावापुरतीच असते. वहिनी एका दांडीवर टेकडीला निघाल्या होत्या.

"दादा," मी म्हटलं, "एका दांडीत ती वर पोहोचत नाही."

त्याला ते कळायला थोडा वेळ लागला. कळल्यावर त्याने कार्ड उलटं करून मांडीवर ठेवलं. त्यानंतर दीड तास तो बोलला नाही. आमच्या घराण्यात हे यापूर्वी घडलेलं नाही.

वर काय झालं ते वहिनींनी नंतर सांगितलं, आणि तेही मी खोदून विचारल्यावर. दुसऱ्या वळणावर, पाण्याच्या टाकीपाशी, मोटर थांबली. पडदा विझला. तीन घरं झाली होती, आठ राहिली होती, सगळी वर. घड्याळात सात वाजून वीस. फोन केला असता तर मोटरसायकलवाला दहा मिनिटांत आला असता. चांगला माणूस आहे, त्याने पेटी नेलीही असती, आणि सोबत टेकडीही. वहिनी टाकीच्या कठड्याला टेकून दोन घोट पाणी प्यायल्या. नवऱ्याबद्दल एक वाक्य म्हणाल्या. ते त्यांनी मला सांगितलं नाही. मग बसल्या आणि पॅडल मारलं.

"आणि भावजी, गंमत सांगू? पाय चालले. पाच आठवडे हाच चढ, हीच सायकल, हेच ओझं. त्यांना वाटलं, सुट्टी संपली, कामाला लागा."

फरक एवढाच की खालचा अर्धा चढ मोटरने काढून दिला होता, आणि पाच दिवसांची विश्रांती पायांत होती. वाऱ्याने पेटीचं झाकण दोनदा उघडलं, त्यांनी ते ओढणीने बांधलं. दोन घरांना त्यांनी खालूनच हाक मारली, ती माणसं बाही वर करूनच दारात आली. एकदाही उतरून ढकलली नाही. शेवटच्या घरापाशी, जिथून सगळा चढ दिसतो, जज्जसाहेब फाटकाबाहेर रस्त्यावर खुर्ची टाकून बसले होते, बाही खांद्यापर्यंत वर. पायऱ्या चढायची तुमची दोन मिनिटं वाचतील, एवढंच ते म्हणाले. चार पानांचं पत्र लिहिणारा माणूस.

इकडे नऊ वाजून अठरा मिनिटांनी मोठ्या लॅबची गाडी आली. ड्रायव्हरने काच पुसली. इतरांच्या पेट्या आत गेल्या. डॉक्टरीणबाई दारात येऊन रस्त्याकडे बघून आत गेल्या, परत आल्या. ड्रायव्हरने काच दुसऱ्यांदा पुसली, आणि खरं सांगायचं तर ती पुसण्यासारखी नव्हती. दादा उभा राहिला. मी त्याला इतकं लहान झालेलं कधी पाहिलं नव्हतं.

नऊ सत्तावीसला कोपऱ्यावरून हेल्मेट आलं. उतारावरचा सगळा वेग तसाच घेऊन. ब्रेक कुरकुरला नाही. वहिनी उतरल्या, पेटी सोडवली, ओढणीची गाठ दातांनी काढली आणि अकरा घरांच्या नळ्या ड्रायव्हरच्या हातात दिल्या. डॉक्टरीणबाईंनी घड्याळ बघितलं आणि वहीत काहीतरी लिहिलं. म्हणाल्या, "टेकडी तुमची. सोमवारी एक नवीन घर आहे, जज्जसाहेबांच्याही वरचं." वहिनींनी पत्ता विचारून घेतला.

बाकावरच्या माणसांनी कापूस धरलेल्या हातांनी जमतील तशा टाळ्या वाजवल्या. आणि टाळ्या ऐकल्या की माझ्या भावाचा आवाज परत येतो. दीड तास साठलेला माल होता, मुदतही उलटत आली होती.

"मंडळी," तो म्हणाला, "विजेवरची सायकल परवडते का, असा प्रश्न आहे. मी आधी म्हणत होतो, नाही. आज माझं मत असं की किंमत सायकलची नसतेच. बॅटरीचीही नसते. किंमत असते ती जिद्दीची, आणि ती साठवून ठेवता येत नाही, ती रोज बाहेर काढावी लागते. माणसाने विज्ञानाचा हात धरावा, पण पाय आपले ठेवावेत. आज या बाईने, म्हणजे माझ्या पत्नीने, येणाऱ्या पिढ्यांना..."

वहिनी बाकाच्या टोकाला बसल्या होत्या. पाय लांब केलेले, डोळे मिटलेले. तशाच म्हणाल्या, "अहो, सायकल दारात आडवी राहिलीय. जरा बाजूला घेता का? लोकांना आत यायला जागा नाही."